दावा उभा राहण्याआधीची वकिली

मागील अंकात आंतरराष्ट्रीय कायद्याचे अभ्यासक आणि सरकारांचे कायदे सल्लागार यांच्या कामाविषयी प्रश्न पाठवण्याचे आवाहन या सदरातून केले होते. आलेल्या पत्रांपैकी सारख्या आशयाची पत्रे एकत्र करून त्यांतील सहा प्रश्नांना येथे उत्तरे देत आहे. बहुतेक पत्रलेखकांच्या डोळ्यांसमोर हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयातील युक्तिवादाचे दृश्य आहे. ते स्वाभाविक असले, तरी या पेशाचा फार थोडा भाग तेथे दिसतो, त्यामुळे उत्तरांत मला वारंवार कागदपत्रांकडे आणि कलमांकडे वळावे लागले आहे. त्याबद्दल वाचकांनी थोडा धीर धरावा.

प्रश्न : कुलभूषण जाधव यांच्या खटल्यात हरीश साळवे यांनी केलेला युक्तिवाद आम्ही घरातल्या सर्वांनी दूरचित्रवाणीवर पाहिला. वकील बाहेरून आणायचा असेल, तर परराष्ट्र मंत्रालयात पगारी कायदे सल्लागार कशासाठी ठेवलेले असतात? (एक वाचक, सांगली)

उत्तर : पाकिस्तानने हेरगिरीच्या आरोपावरून फाशीची शिक्षा सुनावलेल्या जाधव यांच्या या खटल्यासाठी साळवे यांनी केवळ एक रुपया मानधन घेतल्याचे तत्कालीन परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज यांनी जाहीर केले होते, आणि तेवढीच गोष्ट आपल्याकडे सर्वतोमुखी झाली. त्यांच्या युक्तिवादाचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. मात्र ते उभे राहिले ती जागा आधी कोणीतरी शोधून ठेवावी लागते, आणि ती शोधणे हे सल्लागाराचे काम असते.

आंतरराष्ट्रीय न्यायालयात कोणत्याही देशाला दुसऱ्या देशाविरुद्ध सहजासहजी दावा लावता येत नाही. दोन्ही देशांनी त्या न्यायालयाचा अधिकार कोणत्या ना कोणत्या मार्गाने मान्य केलेला असावा लागतो. सर्वसाधारण घोषणा करून तो मान्य करणे हा एक मार्ग आहे. भारताने तशी घोषणा १९७४ मध्ये केली होती, परंतु राष्ट्रकुलातील देशांशी असलेले वाद तिच्यातून वगळले होते. १९९९ च्या ऑगस्टमध्ये कच्छच्या सीमेवर पाकिस्तानी नौदलाचे विमान भारतीय हवाई दलाने पाडले आणि पाकिस्तान हेगला गेला, तेव्हा हाच अपवाद पुढे करून भारताने तो दावा उडवून लावला. २१ जून २००० रोजी न्यायालयाने १४ विरुद्ध २ मतांनी आपल्याला अधिकार नसल्याचे ठरवले. आता २०१७ मध्ये भारतालाच पाकिस्तानविरुद्ध जायचे होते आणि आपणच बंद करून ठेवलेला तो दरवाजा आपल्यालाही उघडणार नव्हता.

उपाय सापडला तो वाणिज्यदूत संबंधांविषयीच्या १९६३ च्या व्हिएन्ना करारात. या कराराला एक ऐच्छिक पूरक करार जोडलेला आहे आणि त्यानुसार मूळ कराराचा अर्थ किंवा त्याची अंमलबजावणी यांविषयीचा वाद थेट आंतरराष्ट्रीय न्यायालयात नेता येतो. भारत आणि पाकिस्तान दोघेही त्याचे सदस्य होते. मात्र त्याची किंमत अशी, की सारा दावा अटकेतील नागरिकाला त्याच्या देशाच्या अधिकाऱ्यांना भेटू देण्याच्या हक्कापुरता, म्हणजे कलम ३६ पुरता, आखून घ्यावा लागतो. भारताने नागरी व राजकीय हक्कांच्या कराराचाही आधार घेऊन पाहिला, पण आपला अधिकार व्हिएन्ना करारापुरताच असल्याचे न्यायालयाने स्पष्ट केले. ८ मे २०१७ रोजी अर्ज दाखल झाला आणि दहा दिवसांत, १८ मे रोजी, फाशी रोखणारा अंतरिम आदेश मिळाला. दावा नेटका आणि अरुंद ठेवल्याचा तो फायदा होता.

यातला आणखी एक बारकावा सांगण्याजोगा आहे. दोन्ही देशांत २००८ मध्ये वाणिज्यदूतांच्या भेटीविषयी एक द्विपक्षीय करार झाला होता. राजकीय किंवा सुरक्षेच्या कारणावरून अटक झाली असेल, तर प्रत्येक बाजू त्या प्रकरणाचा गुणवत्तेनुसार विचार करू शकेल, असे त्याच्या सहाव्या परिच्छेदात म्हटले होते. या वाक्यामुळे हेरगिरीच्या प्रकरणात भेट नाकारण्याची मुभा मिळते, असे पाकिस्तानचे म्हणणे होते. २००८ चा करार व्हिएन्ना कराराला पूरक आहे, त्याने मूळ हक्क कमी होत नाही, असे सांगून न्यायालयाने ते फेटाळले आणि १७ जुलै २०१९ रोजी १५ विरुद्ध १ असा निकाल दिला. निकाल आपल्या बाजूने लागला, म्हणून त्या परिच्छेदाची भाषा निर्दोष होती असे मी म्हणणार नाही. मसुद्यातले असे वाक्य सही होण्यापूर्वी पाहून, हे उद्या आपल्यावर कसे उलटू शकते, ते मंत्र्यांना लेखी कळवणे ही सल्लागाराची रोजची नोकरी आहे.

जाता जाता एक गोष्ट. जाधव यांची सुटका करावी आणि शिक्षा रद्द करावी ही भारताची मागणी न्यायालयाने मान्य केली नाही. शिक्षेचा परिणामकारक फेरविचार करावा, एवढेच सांगितले. आपल्याकडच्या जल्लोषात हा भाग बऱ्याच जणांच्या वाचनातून निसटला.

प्रश्न : दादरा-नगर हवेलीच्या मुक्तिसंग्रामाविषयी वडिलांकडून पुष्कळ ऐकले आहे. पुढे पोर्तुगालने भारताला न्यायालयात खेचले असे ते सांगत. त्या खटल्यात पेशवाईच्या कागदांचा संबंध आला होता, हे खरे आहे काय? (निवृत्त शिक्षक, वापी)

उत्तर : खरे आहे, आणि मराठी वाचकाने मुद्दाम समजून घ्यावा असा तो खटला आहे.

२१ आणि २२ जुलै १९५४ च्या दरम्यानच्या रात्री दादरा आणि २ ऑगस्टला सिल्वासा मुक्त झाले. आपल्या अधिकाऱ्यांना आणि फौजेला दमणहून भारतीय हद्दीतून तिकडे जाऊ देण्यास भारताने नकार दिला, ही पोर्तुगालची तक्रार होती. पोर्तुगाल १४ डिसेंबर १९५५ रोजी संयुक्त राष्ट्रांचा सदस्य झाला, १९ डिसेंबरला त्याने न्यायालयाचा अधिकार मान्य केल्याची घोषणा केली आणि २२ डिसेंबरला भारताविरुद्ध अर्ज दाखल केला. भारताची घोषणा ब्रिटिश काळातली, १९४० ची, अजून लागू होती. पोर्तुगालच्या घोषणेची प्रत हाती पडण्यापूर्वीच दावा उभा राहिला, हा भारताचा आक्षेप न्यायालयाने १९५७ मध्ये फेटाळला. घोषणा सादर झाली त्या क्षणापासून बंधन सुरू होते, असे त्याने ठरवले. या अनुभवाचा ठसा भारताच्या १९७४ च्या घोषणेत उमटलेला आहे. समोरच्या देशाने दावा लावण्यापूर्वीच्या बारा महिन्यांच्या आत अधिकार मान्य केला असेल, तर त्याच्याशी असलेला वाद आम्हाला बंधनकारक नाही, असे कलम तीत घातलेले होते. ठेच एका पिढीला लागली आणि शहाणपण पुढच्या पिढीने कागदावर आणले.

आता पेशवाईचे कागद. या गावांवर आपले सार्वभौमत्व १७७९ च्या पुणे येथील तहाने आले, असे पोर्तुगालचे म्हणणे होते. तहाबरोबर १७८३ आणि १७८५ च्या सनदाही न्यायालयापुढे होत्या. पेशव्यांनी दिला तो केवळ महसूल, सत्ता दिलेली नाही, ही भारताची बाजू. म्हणजे हेगमधील न्यायाधीशांना मराठेशाहीच्या कारभारातील सरंजाम आणि जहागीर यांचा कायदेशीर अर्थ लावावा लागला. न्यायालयाने भारताचे हे म्हणणे मान्य केले. वर्षाला बारा हजार रुपयांच्या उत्पन्नाचा सरंजाम पोर्तुगिजांना मिळाला होता, त्याने मुलखाची मालकी गेली नाही, आणि मराठ्यांना मुलूख खरोखर कायमचा द्यायचा असे तेव्हा त्यांच्या तहांतील शब्द वेगळे आणि स्पष्ट असत, असे निरीक्षण निकालात आहे. अशा दाव्यात दफ्तरातील कागद वाचणाऱ्याची आणि त्याचे कायद्याच्या भाषेत रूपांतर करणाऱ्याची जोडी जमावी लागते. युक्तिवाद करणाऱ्याचे नाव मागे राहते, कागद शोधणाऱ्याचे सहसा राहत नाही.

अर्थात एवढ्याने खटला संपला नाही. १८१८ नंतर ब्रिटिशांनी पोर्तुगालची सत्ता प्रत्यक्ष व्यवहारात मान्य केली होती आणि सव्वाशे वर्षांहून अधिक काळ सामान्य माणसे, मुलकी अधिकारी आणि माल यांची ये-जा बिनबोभाट चालू होती. ही रूढी केवळ दोन देशांपुरती असली, तरी ती बंधनकारक ठरू शकते, असे न्यायालयाने सांगितले. १२ एप्रिल १९६० च्या निकालात नागरी वाहतुकीचा हक्क ११ विरुद्ध ४ मतांनी मान्य झाला, सशस्त्र दले, पोलीस आणि शस्त्रे यांचा हक्क ८ विरुद्ध ७ अशा निसटत्या मतांनी नाकारला गेला, आणि १९५४ च्या तणावाच्या परिस्थितीत भारताने केलेली अडवणूक कायद्याविरुद्ध नव्हती, असे ९ विरुद्ध ६ मतांनी ठरले. तिन्ही आकडे मुद्दाम दिले आहेत, कारण "भारत जिंकला" असे एका वाक्यात सांगितल्याने या निकालाचा अर्धा भाग हरवतो.

भारताची बाजू महान्यायवादी मोतीलाल सेटलवाड यांनी मांडली आणि भारतातर्फे तदर्थ, म्हणजे त्या खटल्यापुरते नेमलेले, न्यायाधीश म्हणून मुंबई उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायमूर्ती महंमदअली करीम छागला बसले होते. भारताच्या वकिलांच्या फळीत ऑक्सफर्डचे प्राध्यापक हम्फ्री वॉल्डॉक होते. पुढे आंतरराष्ट्रीय कायद्याचे मसुदे तयार करणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या आंतरराष्ट्रीय कायदा आयोगात करारांच्या कायद्याचे काम त्यांच्याकडे आले, त्यातून १९६९ चा व्हिएन्ना करार आकाराला आला, आणि १९७९ मध्ये ते आंतरराष्ट्रीय न्यायालयाचे अध्यक्ष झाले. प्राध्यापक, वकील, मसुदाकार आणि न्यायाधीश या चारही खुर्च्या एकाच आयुष्यात, हे या क्षेत्रात नवलाचे नाही.

प्रश्न : हेगचे आंतरराष्ट्रीय न्यायालय आणि आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय एकच आहे काय? (एक वाचक, बेळगाव)

उत्तर : नाही. पहिले संयुक्त राष्ट्रांचे अंग आहे आणि तेथे वादी-प्रतिवादी देश असतात. दुसरे १९९८ च्या रोम करारानुसार स्थापन झाले असून व्यक्तींवर खटले चालवते. भारत त्या कराराचा सदस्य नाही. दोन्ही एकाच शहरात असल्यामुळे वृत्तपत्रांतही गल्लत होते.

प्रश्न : जो माणूस वर्षानुवर्षे सरकारची बाजू सांभाळतो, तोच पुढे अभ्यासक किंवा न्यायाधीश म्हणून निष्पक्ष कसा राहू शकतो? (प्राध्यापिका, नागपूर)

उत्तर : आपला प्रश्न रास्त आहे आणि त्याचे पूर्ण समाधान करणारे उत्तर कोणाकडे असेल असे मला वाटत नाही. एक उदाहरण घेऊन पाहू.

बंगालच्या उपसागरातील सागरी सीमेचा वाद बांगलादेशाने २००९ मध्ये लवादापुढे नेला. भारताच्या अधिकृत प्रतिनिधी होत्या डॉ. नीरू चढ्ढा. दिल्ली विद्यापीठातून कायद्यात डॉक्टरेट मिळवलेल्या आणि परराष्ट्र मंत्रालयाच्या मुख्य कायदे सल्लागारपदी पोहोचलेल्या त्या पहिल्या भारतीय महिला. त्याच लवादात पाच जणांपैकी एक डॉ. पेम्मराजू श्रीनिवास राव होते. तेही पूर्वी त्याच मंत्रालयाचे कायदे सल्लागार होते आणि मधल्या काळात आंतरराष्ट्रीय कायदा आयोगात सीमेपलीकडे पोहोचणाऱ्या हानीविषयीच्या नियमांचे विशेष प्रतिवेदक, म्हणजे त्या विषयाचा अभ्यास करून आयोगाला अहवाल देणारे सदस्य, राहिलेले होते.

वादाचे मूळ १९४७ च्या रॅडक्लिफ निवाड्यात, आणि त्या निवाड्यातील नदीसीमेचे वर्णन १९२५ च्या बंगाल सरकारच्या एका अधिसूचनेत होते. हरिभंगा आणि रायमंगल या नद्या समुद्राला मिळतात तेथे जमिनीवरची सीमा नेमकी कोठे संपते, यावर न्यू मूर नावाच्या, समुद्रात दिसेनाशा झालेल्या बेटाचे भवितव्य आणि पुढची सारी सागरी रेषा अवलंबून होती. २०१३ च्या ऑक्टोबरमध्ये लवाद मंडळाने प्रत्यक्ष जागेवर जाऊन पाहणी केली. ७ जुलै २०१४ च्या निवाड्याने बेटाची जागा भारताच्या बाजूला आली, पण वादातील सुमारे २५ हजार ६०० चौरस किलोमीटर समुद्रापैकी १९ हजारांहून अधिक बांगलादेशाकडे गेला. राव यांनी काही मुद्द्यांवर भिन्नमत नोंदवले.

आता आपण दोन प्रकारे वाचू शकता. भारताने नेमलेल्या लवाद-सदस्याने भारताला अनुकूल भिन्नमत दिले, यात आश्चर्य ते काय, हे एक वाचन. त्या भिन्नमतातील कारणे छापील आहेत, ती तपासून पाहा, हे दुसरे. मी दुसऱ्या बाजूला झुकतो. या क्षेत्रातील माणसाची पूर्वीची मते लपून राहत नाहीत, विरुद्ध पक्षाचा वकील त्याचा वीस वर्षांपूर्वीचा लेख काढून त्याच्याच पुढ्यात ठेवतो, आणि ही भीती निष्पक्षतेच्या शपथेपेक्षा अधिक उपयोगी पडते असे माझे मत आहे. शिवाय भारत सरकारने प्रतिकूल निवाडा मान्य केला, हीदेखील सल्ल्याचीच एक फलश्रुती. हरल्यानंतर काय करावे, हा सल्ला जिंकण्याच्या सल्ल्याइतकाच कठीण असतो.

डॉ. चढ्ढा २०१७ मध्ये हॅम्बुर्ग येथील समुद्र कायद्याच्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणावर निवडून गेल्या. तेथे बसलेल्या त्या पहिल्या भारतीय महिला न्यायाधीश होत.

प्रश्न : सल्लागाराने "हे बेकायदेशीर आहे" असे सांगितले आणि सरकारने ते ऐकले नाही, तर त्याने काय करायचे? (कायद्याचा विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : या प्रश्नाला ब्रिटनच्या परराष्ट्र खात्यात मिळालेली दोन उत्तरे फार बोलकी आहेत. भारतातील अशी टिपणे क्वचितच बाहेर येतात, म्हणून उदाहरणासाठी तिकडे जावे लागते.

१९५६ मध्ये इजिप्तचे अध्यक्ष नासर यांनी सुएझ कालव्याचे राष्ट्रीयीकरण केले तेव्हा सर जेराल्ड फिट्झमॉरिस हे खात्याचे कायदे सल्लागार होते. सैन्य पाठवण्याला कायद्याचा आधार नाही, असे त्यांचे स्पष्ट मत होते. पंतप्रधान ईडन यांना ते माहीत होते, म्हणूनच त्यांनी फिट्झमॉरिस यांना विचारणेच टाळले. वकील नेहमी काही करू नका असेच सांगतात, त्यांना यातून दूर ठेवा, अशा आशयाचे ईडन यांचे उद्गार त्यांचे तत्कालीन राज्यमंत्री अँथनी नटिंग यांनी नोंदवून ठेवले आहेत. ईडन यांनी लॉर्ड चॅन्सेलर, म्हणजे न्यायव्यवस्थेचे प्रमुख असलेले मंत्री, किलम्युअर यांच्या अनुकूल मतावर भिस्त ठेवली. फिट्झमॉरिस यांनी आपला विरोध लेखी नोंदवला आणि ते पदावर राहिले. १९६० मध्ये ते आंतरराष्ट्रीय न्यायालयाचे न्यायाधीश झाले.

दुसरा प्रसंग २००३ चा, इराकचा. खात्याचे मुख्य सल्लागार सर मायकेल वुड, त्यांच्या दुय्यम एलिझाबेथ विल्म्सहर्स्ट. सुरक्षा परिषदेच्या नव्या ठरावाशिवाय इराकवर बळाचा वापर बेकायदेशीर ठरेल आणि तो आक्रमणाचा गुन्हा होईल, असे वुड यांनी २४ जानेवारीला परराष्ट्रमंत्री जॅक स्ट्रॉ यांना लेखी कळवले. आपण या सल्ल्याची नोंद घेतली आहे परंतु तो स्वीकारत नाही, असे उत्तर पाच दिवसांनी आले. खात्यातील साऱ्या कायदे सल्लागारांचे मत वुड यांच्यासारखेच होते. महान्यायवादी लॉर्ड गोल्डस्मिथ यांचे ७ मार्चचे सविस्तर मत बरेच सावध होते, पण १७ मार्चला संसदेत ठेवलेल्या त्यांच्या संक्षिप्त उत्तरात ती सावधगिरी उरली नव्हती. विल्म्सहर्स्ट यांनी १८ मार्चच्या टिपणात आपले म्हणणे नोंदवून नोकरी सोडली. १९७४ पासूनची ती नोकरी होती, आणि रोम करारासाठी झालेल्या वाटाघाटींत त्यांनी ब्रिटनच्या बाजूने भाग घेतला होता. युद्धकाळात देशहिताविरुद्ध बोलल्याचा ठपका येऊ शकतो याची त्यांना कल्पना नव्हती, असे मानणे भाबडेपणाचे होईल.

२६ जानेवारी २०१० रोजी इराक युद्धाची चौकशी करणाऱ्या चिल्कॉट समितीपुढे दोघांच्याही साक्षी झाल्या. सल्ला मागण्याची सारी पद्धतच खेदजनक होती, असे विल्म्सहर्स्ट म्हणाल्या. स्ट्रॉ स्वतः वकील होते, याने काही फरक पडला काय, असे विचारल्यावर ते आंतरराष्ट्रीय कायद्याचे वकील नाहीत, एवढेच त्यांनी शांतपणे सांगितले आणि सभागृहात हशा पिकला. मला त्यांच्या साक्षीतला सर्वांत महत्त्वाचा भाग वेगळाच वाटतो. सैन्य सीमेवर जाऊन उभे राहिल्यावर कायद्याचा प्रश्न विचारण्यात अर्थ नसतो, तोवर "नाही" म्हणण्याची किंमत फार वाढलेली असते. म्हणून सल्लागाराला सुरुवातीलाच विचारले पाहिजे, असा त्याचा रोख होता.

आपण विचाराल, यातले योग्य कोणते? विल्म्सहर्स्ट यांच्या राजीनाम्याचे कौतुक सगळे करतात आणि ते योग्यच आहे. तथापि वुड यांचे राहणे मी कमी प्रतीचे मानत नाही. त्यांनी आपले मत पातळ केले नाही, मागे घेतले नाही, ते लेखी ठेवले, आणि सात वर्षांनी चौकशी समितीला जे सापडले ते त्यांचेच कागद होते. अंतिम निर्णय मंत्र्यांचा असतो आणि महान्यायवाद्यांचे मत खात्याच्या सल्लागाराहून वरचे मानले जाते, ही तेथील पद्धत आहे. पद्धतीच्या आत राहून सल्लागाराने एक करू नये, असे मला ठामपणे वाटते. साहेबांना काय हवे आहे हे आधी हेरून त्याला साजेसे मत लिहून देऊ नये. आपल्याकडे कोणत्याही कचेरीत काम केलेल्या माणसाला हा मोह किती सोयीचा असतो हे सांगायला नको.

वुड २००६ पर्यंत पदावर होते. नंतर ते आंतरराष्ट्रीय कायदा आयोगात निवडून गेले आणि रूढीतून निर्माण होणारा आंतरराष्ट्रीय कायदा कसा ओळखावा, या विषयाचे विशेष प्रतिवेदक झाले. २०१८ मध्ये आयोगाने त्यावर १६ निष्कर्ष स्वीकारले. त्यांतला शेवटचा, मोजक्या देशांपुरत्या रूढीविषयीचा, दादरा-नगर हवेलीच्या निकालाशी थेट नाते सांगतो. बांगलादेशाविरुद्धच्या वर उल्लेखिलेल्या लवादात भारताच्या बाजूने उभ्या राहिलेल्या वकिलांतही ते होते. हे वर्तुळ किती लहान आहे, ते यावरून ध्यानात येईल.

प्रश्न : माझी मुलगी पुण्यात कायद्याच्या चौथ्या वर्षाला आहे. तिला याच क्षेत्रात जायचे आहे. घरी कोणी वकील नाही. यात चरितार्थ चालतो काय, आणि सुरुवात कोठून करावी? (एक पालक, सातारा)

उत्तर : आधी थोडे निराश करणारे सांगतो. परराष्ट्र मंत्रालयाचा कायदा व करार विभाग लहान आहे. तेथील पदे केंद्रीय लोकसेवा आयोगामार्फत भरली जातात, जाहिराती दरवर्षी निघतीलच असे नाही, आणि आंतरराष्ट्रीय कायद्यातील पदव्युत्तर शिक्षणाला तेथे महत्त्व असते. त्यामुळे केवळ या एका दारावर डोळा ठेवून बसू नये. आज अधिक काम व्यापार आणि गुंतवणुकीच्या वादांत आहे. जागतिक व्यापार संघटनेशी संबंधित प्रश्नांवर वाणिज्य मंत्रालयासाठी काम करणारी अभ्यासकेंद्रे दिल्लीत आहेत, आंतरराष्ट्रीय लवादाची कामे करणाऱ्या वकिलांच्या कंपन्या मुंबईत आणि सिंगापुरात आहेत, आणि आशियाई-आफ्रिकी देशांच्या कायदेविषयक सल्लागार संघटनेचे मुख्यालयही दिल्लीतच आहे. अध्यापन करीत सल्ल्याची कामे करणे हा जुना रस्ता अजून बुजलेला नाही. पहिली पाच-सहा वर्षे मात्र जिल्हा न्यायालयात वकिली करणारा तिचा वर्गमित्र तिच्यापेक्षा अधिक कमावत असेल, याची घरातल्यांनी तयारी ठेवावी.

पुण्यातून वाट निघत नाही, हा समज मनातून काढून टाकावा. पुण्याच्या आय. एल. एस. विधी महाविद्यालयात शिकलेले डॉ. अनिरुद्ध राजपूत पुढे लंडन आणि सिंगापूर येथे शिकले आणि २०१६ मध्ये, वयाच्या तिशीतच, चौतीस सदस्यांच्या आंतरराष्ट्रीय कायदा आयोगावर निवडून गेले. बेनेगल नरसिंग राव आणि राधाबिनोद पाल यांच्यासारखी माणसे ज्या आयोगावर बसली, त्याच आयोगावर.

सुरुवातीसाठी महागड्या परदेशी पदवीची घाई नको. फिलिप जेसप यांच्या नावाने होणाऱ्या अभिरूप न्यायालयाच्या स्पर्धेत तिच्या महाविद्यालयाचा संघ जात असेल तर तिने त्यात जरूर शिरावे. हेगच्या आंतरराष्ट्रीय कायदा अकादमीचे उन्हाळी वर्ग काही आठवड्यांचे असतात आणि त्यांना शिष्यवृत्त्या आहेत. जिनेव्हात कायदा आयोगाच्या अधिवेशनाच्या काळात तरुण अभ्यासकांसाठी एक चर्चासत्र भरते. संयुक्त राष्ट्रांच्या दृक्-श्राव्य ग्रंथालयात या विषयातील मोठमोठ्या अभ्यासकांची व्याख्याने विनाशुल्क ऐकता येतात. फ्रेंच आजच सुरू करावी, कारण हेगच्या न्यायालयाच्या दोन अधिकृत भाषांपैकी ती एक आहे आणि तिशीनंतर ती जड जाते.

आणि एक सराव तिला सुचवा. जाधव प्रकरणाचा निकाल न्यायालयाच्या संकेतस्थळावर आहे. तो शेवटपासून वाचायला घेऊ नये. आधी भारताचा ८ मे २०१७ चा अर्ज काढावा, त्यातील मागण्या एका कागदावर उतरवाव्यात, आणि मग निकालाच्या अखेरच्या परिच्छेदाशी ताडून कोणती मागणी मिळाली, कोणती नाही आणि का, हे मंत्र्यांना पाठवायचे आहे असे समजून दोन पानांत मराठीतच लिहून काढावे. तिने ते टिपण या सदराच्या पत्त्यावर पाठवले, तर मी ते वाचून अभिप्राय कळवीन.